उलटवलेली कॉलर

तोंड कधी दुधाने पोळलं नव्हतं, तरी आमची मावशी ताक फुंकून प्यायची. जुने कपडे दुरुस्त करणं हा तिचा धंदा, आणि भाड्याच्या दोन खोल्या हेच तिचं घर नि दुकान. मी तिच्याच हाताखाली वाढले, तेव्हा तिची लाज राखून बोलणार नाही.

एकदा घरमालक चार शर्ट घेऊन आला. कॉलरी झिजल्या होत्या; त्या उसवून, उलटवून पुन्हा लावून हव्या होत्या. हे काम नवा शर्ट परवडत नाही तोच करून घेतो.

"बडा घर पोकळ वासा," तो गेल्यावर मावशी म्हणाली. "याने घर गमावलं तर आपलं डिपॉझिट गेलंच म्हणून समज."

पुढच्या आठवड्यात मालक गोड हसत आला. "ताई, वर्षाचं भाडं आगाऊ द्या, दोन महिने माफ!"

"आगाऊ राहू द्या. आता डिपॉझिटमधूनच भाडं वळतं करा."

त्याचा चेहरा पडला. मग दोन माणसं खोल्या मोजून गेली. मालक म्हणाला, रंगारी आहेत.

"रंगारी? नखं बघितलीस त्यांची? धुतल्या तांदळासारखी!" मावशी पुटपुटली.

खालच्या मजल्यावर गाणं शिकवणारे मास्तर एकटेच राहायचे. ते जिना चढून आले. "ताई, द्यावं का हो आगाऊ भाडं? पुंजी तेवढीच आहे माझी."

आता मावशीचा एक नेम होता. गिऱ्हाइकाच्या कपड्यात जे दिसेल, ते उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कोणाचं पोट सुटलं, कोणाच्या खिशात काय सापडलं, ती मेली तरी सांगायची नाही. मी तिला कोपराने ढोसलं.

"तुमचं तुम्ही बघा, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी पैसे भरले.

पुढे काही महिन्यांनी बँकेने दारावर नोटीस चिकटवली: घर जप्त, महिनाभरात खोल्या रिकाम्या करा. मालकाचा फोन बंद. आमचं डिपॉझिट भाड्यात फिटलं होतं, त्यामुळे आमचं काही बुडालं नाही.

मास्तर वर आले.

"तुम्ही भरलंत का आगाऊ?"

"नाही."

"का नाही?"

सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माझ्या मावशीने स्टूल पुढे सरकवलं. मास्तर बसले नाहीत. मला तेव्हा तिचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.