रंगमास्तरांनी केलेलं भाषांतर

साखर पेठेत अजूनही म्हणतात की रंगमास्तरांची नोकरी मी घालवली. म्हणोत. पाठीवर रंगाची पिंपं वाहून ज्यानं स्वतःचं दुकान काढलं, त्याला लोक काय काय म्हणतात हे मला पाठ आहे. पण झालं काय ते एकदा लिहून ठेवतो.

मास्तर मूळचे कोकणातले, बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडचे ज्यू. एका जर्मन रंग कंपनीच्या सोलापूरच्या एजन्सीत नोकरीला होते. नवा रंग आला की एजन्सीच्या अंगणात चूल मांडायची आणि रंगाऱ्यांना सूत रंगवून दाखवायचं, हे त्यांचं काम. घरात मराठी बोलत, बायको नऊवारी नेसे, मुंबईला शिकल्यामुळं इंग्रजी उत्तम. शनिवारी मात्र ते कामाला हात लावत नसत. पेठेला त्यांच्याविषयी तेवढंच माहीत होतं. देवाधर्माचं काहीतरी असेल म्हणून कोणी खोलात गेलं नाही. ज्यू हा शब्द तिथं कोणाच्या कानावर पडलेलाच नव्हता.

रंगारी बहुतेक तेलुगू, लिहिण्यावाचण्याच्या नावानं शून्य. म्हणून मास्तरांनी एक पद्धत पाडली होती. ते कृतीची एक ओळ सांगत आणि सगळ्यांनी ती मोठ्यानं म्हणायची. "सूत आधी सोड्यात उकळा." की चाळीस गळे ओरडत, "सूत आधी सोड्यात उकळा." असं एकदा म्हटलेलं रंगारी मरेपर्यंत विसरत नसे. समोरच्या माझ्या दुकानात बसून अर्ध्या कृती मीसुद्धा अशाच शिकलो.

जर्मनीत नवं राज्य आलं आणि कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून आमच्याकडं नवा जर्मन साहेब आला. जुना साहेब वांग्याचं भरीत खायचा आणि भावात खाली यायचा. हा नुसता ताठ. आला त्या दिवशी सकाळी मी तासभर घासाघीस केली तरी एक पै खाली आला नाही. वर माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच पिंपातून सांडलो आहे.

दुपारी अंगणात रंगारी जमले. साहेब इंग्रजीत बोलणार आणि मास्तर मराठीत सांगणार. दोन-चार वाक्यं रंगाची झाली आणि साहेबाची गाडी ज्यूंवर घसरली.

"साहेब म्हणतात," ते म्हणाले, "देश नासला तो ज्यूंमुळं."

रंगारी सवयीनं म्हणाले, "देश नासला तो ज्यूंमुळं."

साहेब फुलला. एवढा उत्साह त्याला त्याच्या देशातही मिळाला नसेल.

"ज्यू म्हणजे धान्यातली कीड." चाळीस गळ्यांनी तेही म्हटलं. मास्तरांचा आवाज सोडा किती आणि आच किती हे सांगतानाचाच. एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं मध्येच विचारलं, हे लोक असतात कुठं? मास्तरांनी साहेबाला विचारून उत्तर आणलं: सगळीकडं असतात, आपल्यासारखेच दिसतात, नाकावरून ओळखावे लागतात. मग सगळं अंगण एकमेकांची नाकं तपासू लागलं. माझ्या नाकाला जरा जास्तच वेळ दिला गेला. मास्तरांचं नाक बघायचं कोणाला सुचलं नाही.

मी त्यांच्या घरी सणाला जेवलेला माणूस, ते ज्यू आहेत हे पेठेत मला एकट्याला ठाऊक. त्यात सकाळचा राग होताच. घासाघिशीत माझी एक रीत आहे. समोरचा फार फुशारला की त्याच्याच मालातला डाग त्याला दाखवायचा. तो ओशाळतो आणि खाली येतो. मी उठलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत साहेबाला सांगितलं, की तुझी कीड तुझ्या शेजारीच उभी आहे आणि तुझंच भाषण आम्हाला समजावून देते आहे.

साहेब ओशाळला नाही. त्यानं मास्तरांना खालून वर न्याहाळलं, वहीत काही टिपलं आणि भाषण पुढं चालू केलं. मास्तरांनी उरलेलंही सांगितलं. पंधरा दिवसांनी पत्र आलं, महिनाअखेर नोकरी बंद.

मी कंपनीच्या नावे अर्ज लिहून घेतला. असा रंग शिकवणारा दुसरा नाही, यांना काढू नये. पेठेतले सगळे अंगठे एका दुपारी गोळा करीन अशी माझी खात्री होती. पहिलं घर त्या म्हाताऱ्याचं. त्यानं अंगठ्याला शाई लावली आणि विचारलं, काढलं कशापायी? मी सांगितलं, ज्यू आहेत म्हणून.

"म्हंजी ती किडीची मान्सं?"

"अरे, ते साहेबाचं बोलणं."

"साहेबाचं आमाला काय कळतंय, शेट? मास्तरांनीच सांगितलं की. मास्तरांनी कदी चुकीचं माप सांगितलं न्हाय."

मी त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. त्यानं शांतपणे अंगठा धोतराला पुसला. आणखी दहा घरं फिरलो. सगळीकडं पाणी दिलं, मास्तरांचं तोंडभर कौतुक केलं. एक बाई म्हणाली, लई भला मानूस, ज्यू असंल असं वाटलं न्हवतं. अंगठा कोणी दिला नाही.

मास्तर ट्रंकेला दोरी बांधत होते. अर्जावर माझी एकट्याची सही पाहून त्यांना सगळं कळलं.

"त्यांच्यावर चिडू नका, शेठ," ते म्हणाले. "पहिल्या ओळीला मी 'साहेब म्हणतात' असं म्हटलं. पुढच्या ओळींना म्हटलं नाही. कृती सांगायची सवय."

मी वाट पाहत होतो. आता ते माझ्याकडं वळतील, अंगणातल्या माझ्या शहाणपणाबद्दल दोन शब्द सुनावतील, म्हणजे मला उलट चार सुनावून मोकळं होता येईल. त्यांनी दोरीची गाठ आवळली आणि बायकोला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला. दुसऱ्या दिवशी मुलाबाळांसह मुंबईच्या गाडीनं गेले. ते भांडण मला अजून करायचं आहे.