बाकावरचा चौथा गडी

"हात दाखव," वकीलसाहेब म्हणाले.

शाळेतल्या पोरासारखे मी दोन्ही तळवे पुढे केले. पिवळे. हळदीच्या सौद्यातून थेट सांगलीच्या क्लबात आलो होतो. साबणाने दोनदा धुतले तरी तो रंग निघत नाही.

"रॅकेटला हळद लागेल रे. नवरदेव आलाय आपल्याकडे!"

सगळा हॉल हसला. मीही हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

आटपाडीहून रिकाम्या हाताने आलो आणि सौद्यात उभा राहिलो. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवताना भल्याभल्यांना मी घाम फोडला आहे. तापट म्हणून बाजार मला ओळखतो. क्लबाची वर्गणी इतरांएवढीच भरली. तरी माझी जागा बाकावर. बॅडमिंटनच्या जोडीला माणूस कमी पडला, तरच हाक. "नवरदेव, चला."

एका थंडीत असाच तासभर बाकावर बसलो होतो. अंग गारठलेलं. डाव संपत आला असताना एकजण निघून गेला आणि वकीलसाहेबांची हाक आली. मी जागेवर चार उड्या मारल्या, पिंढऱ्या ताणायला लागलो.

"तालीम आहे का ही? ये लवकर."

गेलो. दुसऱ्याच फुलाला मागे उडी घेतली. टाचेच्या वर कुणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पाय टेकेना.

"जरा बाजूला सरक. दोनच गुण राहिलेत."

मी बसल्या बसल्या सरकत रेषेबाहेर गेलो. माझ्या जागी शेजारच्या कोर्टावरचा एकजण आला. त्यांनी दोन गुण पूर्ण केले.

प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "थंड अंगानं उडी मारलीत. टाचेमागची शीर तुटली." घरी बायको एवढंच म्हणाली, "बाजारात कुणाचं ऐकत न्हाईसा, आन् तितं कसं ऐकलं?"

पोत्यावर पाय ठेवून सौदे केले, तेव्हा रोज तोच प्रश्न ठणकत होता.

पाय बरा झाल्यावर क्लबात गेलो. वकीलसाहेब आणखी दोघांसह जाळीपाशी उभे होते. बाकावर मी एकटा.

"नवरदेव, चला."

मी उठलो नाही.

"नावानं हाक मारा. आन् थांबा. अंग गरम झाल्याबिगर मी उतरत न्हाई."

"आम्ही काय तोवर उभं राहायचं?"

"व्हय. मी लय बसलोय."

तिघं रॅकेटी धरून उभे राहिले. मी हॉलला सावकाश फेऱ्या मारल्या. भिंतीला हात टेकून पिंढऱ्या ताणल्या. एकही फेरी जास्त नाही, एकही कमी नाही. मग वकीलसाहेबांनी माझं नाव घेतलं. चांगलं वाटेल असं वाटलं होतं. नुसता थकवा आला. एवढ्यासाठी एक पाय जायबंदी व्हावा लागला.

टाच थंडीत अजून ओढते. ओढू दे. माझं अंग कधी तयार झालं, हे यापुढे मीच सांगणार. ज्याला घाई असेल, त्यानं तीन गड्यांत खेळावं.