न वाचता दिलेलं ‘मान्य’

भर दुपारी बुलढाण्याच्या उन्हात, न्यायालयाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी खुर्चीवर बसून मी बर्फाच्या घाटातून अठरा चाकांचा ट्रक उतरवत असे. न्यायालय जेवायला उठलं की माझी गाडी निघायची. तासाभराने पुकारा सुरू झाला की ट्रक घाटात उभा करून मी पुन्हा अर्जनवीस व्हायचो. लोक सांगतात ते अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करायची, हा माझा धंदा.

संगणकावरचा तो ट्रकचा खेळ मी रीतसर विकत घेतला होता. शेजारचा झेरॉक्सवाला तोच खेळ इंटरनेटवरून फुकटात उतरवून खेळायचा आणि मला वेड्यात काढायचा.

“काऊन पैसे घातले बे?”

“न्यायालयाच्या दारात बसतो मी,” मी छाती पुढे काढून म्हणायचो. “चोरीचा माल इथे चालत नाही.”

खरं तर ट्रकपेक्षा मोठी हौस मला वाचून दाखवायची. प्रतिज्ञापत्र टाइप झालं की सही किंवा अंगठा घेण्याआधी मी ते पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचतो. शेताच्या चतुःसीमा आल्या की आवाज खाली नेतो. ‘शपथेवर लिहून देतो की’च्या आधी थांबतो, चष्म्यावरून बघतो, मग पुढे जातो. सातबारा दुरुस्तीचा स्वतःचाच अर्ज ऐकून एका म्हाताऱ्याने डोळे पुसले होते. तो दिवस मी अजून मिरवतो. वाचून झालं की विचारतो, “समजलं? मान्य?” समोरून ‘हाव’ आल्याशिवाय पेन हातातून सोडत नाही. वकिलांना घाई असते. “अहो, त्याला काय समजतं, घ्या अंगठा,” असं ते म्हणतात. मी ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

देऊळघाटच्या एका बाईचा कागद मात्र मी हलक्या आवाजात वाचत असे. तिला फारकत हवी होती. अर्ज दाखल होईपर्यंत नवऱ्याला, दिराला, गावात कुणालाच कळता कामा नये, कारण कळलं तर ती न्यायालयापर्यंत पोचणार नाही, अशी तिला धास्ती होती. बुलढाण्याला भाजी द्यायला आली की रिकाम्या टोपलीत कागदाची पिशवी ठेवून ती माझ्याकडे यायची.

“भाऊ, हे तुमच्यात न् माझ्यात.”

“या टेबलावरचा शब्द टेबलाखाली पडत नाही,” असं मी टेबलावर हात ठेवून म्हणालो होतो. वाक्य चांगलं जमलं, असंही मनात वाटून गेलं होतं.

पुढे संगणक मंदावला. माझी पुतणी इथल्याच कॉलेजात संगणक शिकवते, तिला बोलावलं. तिने आधी ट्रकचा खेळच काढून टाकला. मी हळहळलो. तिने संगणक बंद करून चालू केला, तर कपाळाला आठी.

“काका, खेळ गेला. त्याचा राखणदार अजून बसलेलाच आहे.”

“कुठला राखणदार?”

तिने समजावलं. कुणी खेळाची चोरटी नक्कल करू नये म्हणून कंपनी खेळासोबत आणखी एक प्रोग्राम घालते. संगणक सुरू झाला की तोही सुरू होतो, आपण खेळत असू वा नसू. संगणकावर काय काय उघडलंय हे तो बघतो आणि कंपनीला कळवतो. काय कळवलं त्याची नोंद तिने शोधून पडद्यावर आणली.

मी फायलींना पूर्वीच्या कागदांच्या बस्त्यांवरच्या चिठ्ठ्यांसारखी नावं देतो: माणसाचं पूर्ण नाव, गाव, प्रकरण. शोधायला सोपं जातं. पडद्यावर तीच नावं ओळीने उभी होती. फायलीच्या आतलं काही गेलं नव्हतं, पण माझ्या चिठ्ठीवरच सगळं होतं. ‘अमुक बाई, देऊळघाट, फारकत.’ अकरा वेळा.

झेरॉक्सवाला मागून डोकावला. “माह्यावाल्या खेळात हा राखणदारच नाही. ज्यानं चोरला त्यानं आधी यालेच हाकललं.”

म्हणजे चोरीचा माल घेणाऱ्याच्या घरी कुणी फिरकत नव्हतं, आणि मी प्रामाणिक गिऱ्हाईक, तर माझ्या माजघरात तो खाट टाकून बसला होता.

“हे बेकायदा आहे,” मी म्हणालो.

“तुम्हीच परवानगी दिली, काका.” तिने कराराचं लांबलचक पान काढलं. तळाशी ‘मान्य’चं बटण. “वाचलं होतं?”

मी ट्रककडे धावलो होतो, एवढंच मला आठवत होतं.

पुतणी म्हणाली, कंपनी परदेशातली, ही नावं बहुधा कुणी माणूस बघतही नसेल. झेरॉक्सवाला म्हणाला, “बाईले सांगू नको. तिले काय समजते?”

ते ऐकल्यावर मला सांगणं भाग पडलं.

ती बाई आली तेव्हा मी सगळं सांगितलं, एकही हावभाव न करता. तिने टोपली खाली ठेवली.

“देऊळघाटले कळलं का?”

“नाही.”

“कळन?”

“बहुतेक नाही. पण खात्रीने सांगता येत नाही.”

तिने टोपलीतली कागदाची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली, “तो करार वाचा. जोरात वाचा, तुमी वाचता तसा.”

पुतणीने मराठीत उतरवून दिलेली पानं मी वाचायला घेतली. आवाज चढेना. कुठे थांबावं, कुठे बघावं, काही सुचेना. चौथ्या पानावर तिने हात वर केला.

“याच्यात माझं नाव कुठं हाय?”

“कुठेच नाही.”

“मंग माझ्या नावाची परवानगी तुमी कशी काय देल्ली?”

इतकी वर्षं न्यायालयाच्या दारात बसूनही हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी बेकायदा म्हणालो ते माझ्या संगणकापुरतं होतं. त्यातली नावं माझी नव्हतीच.

मी म्हणालो, “कागद घेऊन जा ताई. दुसरा चांगला अर्जनवीस दाखवतो.”

“त्याच्या संगणकात बी राखणदार असन. त्यानं तर सांगतलंबी नसतं.” कापडाखाली झाकलेल्या माझ्या जुन्या टाइपरायटरकडे तिने बोट केलं. “याच्यात हाय का कोनी?”

“यात फक्त शाई आहे.”

“मंग याच्यावर लिवा. आधी त्या कंपनीले, का माझं नाव पुसा. मंग माझा कागद.”

दोन्ही टाइप केले. कंपनीच्या अर्जात ‘अर्जदाराची संमती घेतलेली नव्हती’ हे वाक्य तिने दोनदा घालायला लावलं. पुतणीने तो इंग्रजीत करून आपल्या कॉलेजातून पाठवला. उत्तर अजून आलेलं नाही.

सवयीने मी तिचा कागद हातात घेतला, घसा साफ केला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला आणि टोपली उपडी करून तिच्यावर बसली. मग एकेका शब्दाखाली बोट सरकवत स्वतः वाचू लागली. पुकारा झाला, माणसं उठून गेली. तिचं बोट तिसऱ्या परिच्छेदावर होतं. मी पेन हातात धरून बसून राहिलो.