वाघाच्या पाठीवरचं इनाम

शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांना आमच्याकडची पैशांची रीत समजावून सांगताना माझ्या तोंडाला फेस यायचा. मी वडशाच्या पलीकडच्या जंगलातला. घरी धानाची शेती, पण उन्हाळ्यात चांद्याहून परवाना घेऊन येणाऱ्या बंदूकवाल्यांना रान दाखवायचं काम माझ्याकडे असे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील.

मजुरी वेगळी आणि इनाम वेगळं. मजुरी रोजची. जनावर दिसो न दिसो, हाका करणाऱ्या, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीपुढे हाकणाऱ्या, प्रत्येकाच्या हातावर ती संध्याकाळी पडलीच पाहिजे. इनाम मात्र जनावर पडल्यावरच, आणि तेही हातात द्यायचं नाही. पाहुण्याने ते मेलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवायचं, वाटाड्याने तिथून उचलायचं आणि गावाकडे तोंड करून ओरडायचं, "इनाम उचललं!" शहरातल्या लोकांना याची मोठी गंमत वाटे. गावाला त्यातून एवढंच कळायचं की रान मोकळं झालं, आता खुशाल जा.

त्या वर्षी ऐन मोहाची फुलं गळायच्या दिवसांत नागपूरचे एक पाहुणे आले. कापसाच्या जिनिंगचे मालक, अंगाने जाड, बोलायला मोकळे. हाक्यात वाघ त्यांच्या समोरूनच निघाला. त्यांनी गोळी घातली आणि वाघ डरकाळी फोडून बांबूच्या बेटात शिरला. गवतावर रक्त होतं. अंधार पडत आला होता म्हणून मी सगळ्यांना मागे घेतलं.

सकाळी डाक बंगल्यावर गेलो तर सामान बैलगाडीत चढत होतं. पाहुण्यांच्या मुलीला बघायला मंडळी नागपूरला येणार होती, म्हणून पाहुण्यांना आजच वडशाहून रेल्वे धरायची होती. त्यांनी दहा-दहाच्या दोन नोटा माझ्यापुढे केल्या.

"घे, हे तुझं इनाम. मेहनत केलीस तू."

"साहेब, हे मले घेता येत नाई."

"का? कमी झाले?" त्यांनी आणखी एक नोट काढली. मी हात पुढे केला नाही तर आणखी एक.

माझं टाळकं सटकलं. "भाव करून नाई राह्यलो मी! वाघ जिता आहे. मी इनाम घेतलं तं गावातल्या बाया उद्याच मोह वेचाले जातीन."

"मग गुपचूप खिशात ठेव. कोणाला सांगू नकोस."

आमच्या गावात कोणाच्या खिशात काय आहे हे त्याच्याआधी शेजाऱ्याला कळतं. आणि नसतं कळलं, तरी मी नोटा घेतल्या की पाहुण्यांची सुटका झाली असती आणि जखमी वाघ आमच्या गळ्यात राहिला असता. मला ते मान्य नव्हतं. मी पाठ फिरवून घरी आलो.

घरी बायको वाटच पाहत होती. "तिकडं मोह सुकून राह्यला, हरणं खाऊन राह्यली, अन् तुमी पैसे बी परत केले! पावसाळ्यात काय खाऊ घालान लेकराईले?"

तिचं खरंच होतं. तांदूळ संपला की वाळवलेल्या मोहावर आमचे कितीतरी दिवस निघत. तिची टोपली दाराशीच ठेवलेली होती. कोणी तिला अडवलं नव्हतं, गावातल्या एकाही बाईला अडवलं नव्हतं. तरी रानाकडे कोणी पाऊल टाकलं नाही, कारण मी ओरडलो नव्हतो. मला वाघापेक्षा या गोष्टीचीच जास्त धास्ती वाटली.

पाहुणे गेले असणार हे मी धरून चाललो होतो आणि गोठ्यात म्हशींना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांचा उद्धार करत होतो. तेवढ्यात ते स्वतःच दारात आले, हातात बंदूक घेऊन.

"गाडीवानाबरोबर तार पाठवली आहे वडशाला. मंडळी आठ दिवसांनी येतील. तुझा वाघ नाही थांबायचा. चल."

एक जण बेटाबाहेर थांबवला, एक म्हशी हाकायला घेतला आणि वाघाचा वास आधी लागतो म्हणून गावातल्या म्हशी पुढे घालून आम्ही बेटात शिरलो. त्या दिवशी काही हाती लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हशी नाल्याशी थबकल्या आणि फुरफुरू लागल्या. वाघ पाण्याच्या कडेला पडला होता. दगड मारून पाहिले, हलला नाही. पोट फुगलं होतं, केस गळत होते, कातडं पार कामातून गेलं होतं.

पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला आणि त्या घाणीत खाली बसले. खिशातून नोटा काढून वाघाच्या पाठीवर ठेवल्या. दोनच ठेवल्या. वाढवलेल्या दोन नोटांना त्यांनी हातही लावला नाही, आणि मला त्याचंच सगळ्यात बरं वाटलं. नोटा उचलून मी काठावर चढलो आणि ओरडलो. माझा आवाज म्हशीवाल्याने पुढे नेला, त्याचा बेटाबाहेर थांबलेल्याने, असा तो गावात पोचला.

आम्ही परतत असताना वाटेतच बायका भेटल्या. ऊन अजून उतरलं नव्हतं. सगळ्यांत पुढे माझी बायको होती, डोक्यावर टोपली. वाघ कुठी पडला, खरंच मेला का, इनाम किती मिळालं, यातलं तिने काही म्हणजे काही विचारलं नाही.

"सरका," म्हणाली, आणि मला बाजूला करून रानात शिरली.