सरांचा तास

जगातली कुठलीही लढाई आमच्या डिफेन्सच्या सरांना आधी आपल्या गावी, बावड्याला न्यावी लागे. वर्गात आले की ते फळ्यावर शेजारी शेजारी दोन चौकोन काढत, मधली रेघ जरा जाड करत आणि म्हणत, "हे माझं रान. हे आबाचं. मधला हा बांध. आता बोला, आज कुठल्या देशांचं भांडण घ्यायचं?" तीन वर्षांत त्यांनी जगाचा नकाशा उघडलेला मी पाहिला नाही. तो भिंतीला टांगलेला होता, पण गुंडाळलेलाच असे. उलगडला तर पाली पडतात, असं शिपाईकाका सांगायचे.

विषयाचं पूर्ण नाव संरक्षण आणि सामरिकशास्त्र. ते कुणाच्याच तोंडात बसत नसल्यामुळे बारामतीच्या आमच्या कॉलेजात विषयाला डिफेन्स आणि शिकवणाऱ्याला डिफेन्सचे सर म्हणत. भरतीची तयारी करणारी मुलं हा विषय घ्यायची, कारण तो पुढे उपयोगी पडतो अशी अफवा होती. मी घेतला, कारण त्याचा तास संपला की काटेवाडीची एसटी मिळायची. पहिल्याच दिवशी सरांनी कारण विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. सर रागावले नाहीत. "वाहतुकीचा विचार करून निर्णय घेणारी तू एकटीच दिसतेस," ते म्हणाले. "निम्म्या लढाया लोक गाड्या वेळेवर न पोचल्यामुळे हरतात." स्वतः सरांनी सैन्यात एक दिवसही काढला नव्हता. भरतीला उंचीत गेलो, असं ते सांगत. छातीत गेला, असं त्यांचे जुने मित्र सांगत.

नांगराने जमिनीवर ओढलेल्या एका ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. कॉलेजातल्या तासालाही तासच म्हणतात. या एका शब्दावर सरांनी अख्खी नोकरी काढली. "बांध कोरणारा चोरासारखा येत नाही," ते सांगत. "दिवसाढवळ्या नांगरट करायला येतो आणि वर्षाला फक्त एक तास आपल्या बाजूचा घेतो. एका तासासाठी कोर्टात कोण जातं? लोक म्हणतात, जाऊ द्या, मातीच हाय. काही वर्षांनी बघावं, तर बांधावरून माणसाला नीट चालता येत नाही." मग ते त्याच रेघेवरून उंच डोंगरातल्या सीमांवर आणि भराव टाकून समुद्रात उभ्या केलेल्या बेटांवर जात. "गोळी सुटेल एवढं मोठं काही करायचं नाही, पण हातही थांबवायचा नाही. आजची सगळ्यात अवघड लढाई ही. कारण ही लढाईच आहे हे सिद्ध करेपर्यंत रान गेलेलं असतं." शेवटी ठरलेलं वाक्य येई: "आबा वर्षाला एक तास घेतो, मी दिवसाला एक घेतो. बघू कोण पुढं जातंय."

आबा म्हणजे सरांचे सख्खे चुलतभाऊ. दोघं एका सायकलवर शाळेत गेलेले. वाटणी झाली, बांध पडला आणि बोलणं बंद झालं, ते मी कॉलेजात येण्याच्या कितीतरी आधी. तरी वर्गात सर सारखे "आबा, आबा" करत. घरच्या माणसांची नावं आम्हाला माहीत नव्हती, शत्रूचं मात्र तोंडपाठ होतं.

सामुद्रधुनी शिकवायला सरांना समुद्र लागत नसे. "सामुद्रधुनी म्हणजे कालव्याच्या चारीचं गेट," की संपलं. एकदा आखातात तणाव वाढला आणि इंदापूरकडच्या केळीचे कंटेनर बंदरात अडकून पडले. त्या भागातल्या एका मुलाने चिडून विचारलं, "सर, त्यांच्या भांडणाशी आमचा काय संबंध?" सरांनी विचारलं, "तुमचं रान हेडला आहे की टेलला?" तो म्हणाला, टेलला, चारीच्या पार शेवटी. "मग वरच्या दोघांनी गेटवर मारामारी केली तर तुमचा काय संबंध असतो? पाणी न येण्याएवढाच." टेलच्या माणसाला जगाचं राजकारण शिकवावं लागत नाही, नुसती आठवण करून द्यावी लागते, असंही ते म्हणाले.

आठवडाभर सर बारामतीत खोली करून राहत आणि शनिवारी बावड्याला जात. मागे रानावर लक्ष ठेवायला त्यांनी बांधावर खांब रोवून सोलरवरचा कॅमेरा लावला. मोकळ्या तासाला ते स्टाफरूममध्ये मोबाइलवर आपली केळी बघत बसायचे. आठवडा गेला नाही तोच आबांनी पलीकडून त्याहून उंच खांब रोवला. दुसऱ्या दिवशी सर जवळजवळ आनंदातच वर्गात आले. "मी भीतीपोटी कॅमेरा लावला. त्याला वाटलं, माझा काहीतरी डाव आहे, म्हणून त्यानं लावला. आता मला वाटतंय, आपला खांब वाढवावा. हेतू दोघांचाही बचावाचाच. याला सुरक्षेचा पेच म्हणतात, लिहून घ्या." पुढे आबांनी फवारणीसाठी भाड्याने ड्रोन आणला, तेव्हा आमचा हवाई हद्दीचा धडा झाला.

एकदा सर आम्हाला क्षेत्रभेटीला म्हणून थेट त्या बांधावरच घेऊन गेले. आम्ही उन्हात उभे राहून पेच समजून घेत असताना पलीकडून एक उंच, वाळलेला माणूस ताकाची किटली घेऊन आला. सरांकडे न बघता त्याने किटली आमच्यापुढे ठेवली. "प्या. पोरांचं काय भांडान न्हाय," आबा म्हणाले. आम्ही सरांकडे पाहिलं. "तटस्थ राष्ट्रांनी प्यायला हरकत नाही," सर म्हणाले. स्वतः ते प्यायले नाहीत. पेले भरता भरता आबा मला म्हणाले, "तुमचा सर शिकिवतो ते समदं खरं हाय. येकच गोष्ट सांगत न्हाय. त्येचा ट्रॅक्टर काय इमानावानी हवेत वळतो व्हय? त्येनं बी कोरलाय." सरांना हे ऐकू गेलं असणार, पण ते केळीच्या घडाकडे बघत राहिले. ताक चांगलं होतं.

मग सीमेवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडायला लागली ते दिवस आले. गावोगावच्या ग्रुपवर आम्ही तासागणिक एकेक शहर जिंकत होतो. वर्गातली मुलं एकमेकांना व्हिडिओ दाखवत होती, त्यातले निम्मे मोबाइलवरच्या गेमचे निघाले. सर एरवी या सगळ्याची टिंगल करत, पण त्या दिवशी ते गंभीर होते. कोऱ्हाळे बुद्रुकचा सागर पुढच्या बाकावर बसायचा. त्याचा मोठा भाऊ सीमेवर होता आणि त्याचा फोन लागत नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. "लढाई बघणाऱ्याला वाटतं ती लांबावी, लढणाऱ्याला वाटतं ती संपावी," सर म्हणाले आणि त्यांनी हॉटलाइन शिकवायला घेतली. भांडण कितीही पेटलं तरी दोन सैन्यांमधला एक फोन चालू ठेवायचा असतो. तो उचलणं म्हणजे कमीपणा नाही. तो तुटला की दोघंही अंदाजाने वागतात, आणि अंदाज बहुतेक वेळा वाईटच असतो.

सागरने हात वर केला. "सर, तुमच्याकडं आबांचा नंबर आहे का?"

वर्गात हसू फुटलं आणि लगेच थांबलं. सर म्हणाले, "आहे."

"मग?"

"आधी त्यानं लावायला पाहिजे," सर म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना आमच्याबरोबरच ऐकू आलं. त्यांनी हातावरचा खडू झटकला. "सगळी राष्ट्रं हेच म्हणतात," एवढं बोलून ते घंटेच्या आधीच बाहेर पडले. सागरच्या भावाचा फोन पुढे आला. सरांनी मात्र फोन लावला नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सर रानात एकटेच होते. छातीत कळ आली म्हणून ते बांधावर बसले, मग आडवे झाले. आबा घरी जेवता जेवता मोबाइलवर कॅमेरा बघत होते. ते उष्ट्या हाताने उठले, जीप काढली आणि सरांना घालून इंदापूरला दवाखान्यात पोचले. अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सर वर्गात परत आले तेव्हा उतरलेले दिसत होते. त्यांनी नेहमीचे दोन चौकोन काढले आणि मधली रेघ काढली. "वाटेनं जाताना आमच्या गड्यानं मला लांबून पाहिलं होतं," ते म्हणाले. "त्याला वाटलं, मालक विसावा घेतायत. मी रानात कधी बसत नाही, हे फक्त आबाला ठाऊक होतं. इतकी वर्षं तो माझ्याकडं बघतोय. आपल्यावर सगळ्यात बारीक नजर शत्रूची असते. त्या नजरेचं पुढं काय करायचं, एवढंच धोरण. बाकीचं सगळं तुम्हाला गाइडात मिळेल." त्या दिवशी मी एसटी सोडली.

त्यानंतर कधी कधी तास चालू असताना सरांचा फोन वाजे आणि ते तो उचलत. "हां आबा. आलं का पाणी? बरं." एवढंच बोलून ठेवत. "हॉटलाइन," आम्हाला सांगत आणि पुढे शिकवू लागत. बांध जिथल्या तिथेच होता. मोजणी आणायला दोघंही तयार नव्हते. करार झाला का, असं मी एकदा विचारलं. "करार कसला? फोन आहे," सर म्हणाले. "जगात बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावरच भागतं."

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त झाले आणि कायमचे बावड्याला राहायला गेले. वर्षही पुरं झालं नाही. या वेळी झटका घरात आला, आणि घरात कॅमेरा नव्हता. सर गेल्याची बातमी सागरने कळवली. मला फार वाईट वाटलं. ज्या विषयाकडे मी एसटीच्या वेळेसाठी गेले होते, तो मला बातम्या वाचायला, गप्प राहायला आणि फोन उचलायला शिकवून गेला होता, हे सरांना सांगायचं राहिलं.

काही आठवड्यांनी सरांच्या पत्नीला, काकूंना भेटायला बावड्याला गेले. काकूंनी चहा दिला, थोडं रडल्या, मग म्हणाल्या, जा, रान बघून ये. पलीकडे आबांचा ऊस तुटून गेला होता आणि नांगरट चालली होती. दोन्ही खांब उभे होते. आबांनी मला ओळखलं. मान हलवली.

ट्रॅक्टर नांगरत नांगरत बांधाशी आला, तसा आबांनी हात वर केला. "येक तास सोड."

ड्रायव्हरने इंजिन हळू केलं. "आबा, उलट चाललंय तुमचं. आता पलीकडनं बघनारं कोन हाय?"

"म्हनूनच," आबा म्हणाले. "सोड. मास्तरचा तास हाय त्यो."

ट्रॅक्टर एक तास अलीकडून वळला.