मामाच्या कॉम्प्युटरमधल्या दोन थोरल्या जावा

मला लहानपणापासून आवाज काढायची खोड. शाळेची घंटा, बाईंचा खोकला, अलिबागला जाणाऱ्या रिक्षाचं चढावरचं रडगाणं, सगळं हुबेहूब. बाई वैतागून म्हणायच्या, "ह्याने पोट भरणार आहे का तुझं?"

भरतं, बाई. अलिबागच्या एका कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात कामाला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेठना कळलं की ही पोरगी हार्ड डिस्कला कान लावते आणि सांगते. चांगली डिस्क मांजरासारखी घुरघुरते. गेलेली डिस्क टक्... टक्... करते, बोथट कोयता नारळावर पडतो तशी. गिऱ्हाइकाला समजावताना दोन्ही आवाज मी तोंडानेच काढते. लोक आधी हसतात, पण डिस्क मात्र माझ्याच हातात देतात.

तर रेवदंड्याहून मामाचा फोन आला. मामा म्हणजे आमच्या गावाचा जुना व्हिडिओवाला. एके काळी गावातलं एकही लग्न त्याच्या कॅमेऱ्यातून सुटलं नाही. ती सगळी लग्नं त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये. त्यात दोन डिस्क, एकीवर विंडोज, दुसरीवर लग्नं. लॅपटॉप घेतल्यापासून हे धूड टेबलक्लॉथखाली झोपलेलं.

"डिस्क सापडत नाय म्हणतोय गो," मामा म्हणाला. "नाक्यावरचा पोरगा बघून गेला. दोन्ही मेल्या म्हणतो. उद्या हळद हाय. तू ये."

हळद माझ्या मैत्रिणीची, पाचवीपासून एका बाकावर बसलेलीची. तिची आजी धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी नंतर, धवलारीण आधी. हळद लावायची, मांडव घालायचा, प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे गाणं, लागतंच. ह्या आजीने अर्ध्या गावाची लग्नं गाऊन लावली. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती हवा येते. तिचे धवले रेकॉर्ड झालेले एकाच ठिकाणी, मामाच्या त्या दुसऱ्या डिस्कवर.

मी पोचले तर मैत्रीण मामाच्या ओटीवर बसलेली, हातावर ओली मेंदी, नाक मामी पुसतेय.

"दुसरी धवलारीण आणू म्हणतात घरचे," ती म्हणाली. "आजीने सगळ्यांची लग्नं लावली आणि माझं दुसरीने लावायचं? त्यापेक्षा मुकं लग्न करीन."

आजी बाजूलाच बसलेली.

मामाला लगेच आयडिया. "नायतर तूच गा गो तिच्या आवाजात. रेकॉर्ड करू. कोणाला कळतंय?"

आजीने भुवई उचलली आणि हाताने खूण केली, गा बघू. मी दोन ओळी गायले, मान वाकडी करून, तिच्यासारखाच शेवट लांबवून. आजीने मला जवळ ओढलं आणि कानात फुसफुसली, "मी काय सर्दी झाल्यासारकी गायाची?"

मी ते मोठ्याने सांगितलं आणि अख्खी ओटी हसली. माझी आयुष्यातली पहिली नापास मिमिक्री. मुकाट्याने स्क्रूड्रायव्हर काढला.

कॅबिनेट उघडलं तर आत देव्हारा! दोन्ही डिस्कवर हळदीकुंकवाचे थर, मधे झेंडूची वाळलेली पाकळी. मामा दर दसऱ्याला यंत्रांची पूजा करतो, वापरत असो वा नसो. बटण दाबलं, कान लावला. दोन्ही घुरघुरल्या. टक्टक नाही. "जिवंत आहेत," मी म्हटलं. मैत्रिणीने मेंदीचा हात माझ्या पाठीवर मारला. तो कुर्ता अजून आहे माझ्याकडे.

पण स्क्रीनवर एकीचंही नाव येईना. केबल बदलली. नाही. मग एकेक लावून बघितली. पहिली एकटी लावली, दिसली. दुसरी एकटी लावली, तीही दिसली. दोघी एका केबलवर आल्या की दोघी गायब! एकेकटी गुणाची आणि एकत्र आल्या की अबोला. हे मी कुठेतरी पाहिलेलं. आमच्या घरातच.

"मामा, ह्यांच्या टोप्यांना हात लावलास?"

"छे! पूजेशिवाय मी हातच नाय लावत."

आता टोपी म्हणजे काय, तर जुन्या डिस्कच्या पाठीमागे तांदळाएवढं प्लास्टिक असतं. ते कुठल्या पिनांवर बसलंय त्यावर ठरतं, ह्या केबलवर थोरली जाऊ कोण आणि धाकटी कोण. एक थोरली, एक धाकटी, तरच चूल पेटते. मी बोटाला थुंकी लावून कुंकू खरवडलं. खाली दोन्ही टोप्या अगदी एकाच जागी. दोघी थोरल्या!

"मामा."

"अगं... टूथब्रशने साफ करताना निघाल्या त्या," मामा खाली बघत म्हणाला. "बसवताना आठवलं, एकीची इकडे होती आणि दुसरीची तिकडे. म्हटलं, कोणीतरी तिरकी बसवली असेल. सारख्या करून टाकल्या. जोडीत फरक कशाला?"

मामी आतून ओरडली, "हा न्याय तुझ्या आईला शिकवला असतास तर माझी कंबर वाचली असती!"

मामीचाच भुवयांचा चिमटा घेतला, लग्नांच्या डिस्कची टोपी उचलली आणि लेबलवरच्या चित्राप्रमाणे धाकटीच्या जागी बसवली. बटण दाबलं. एक नाव आलं. त्याखाली दुसरं आलं.

मी अशी ओरडले की समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला. मी पण त्याला भुंकून उत्तर दिलं.

मामाने फाइल लावली आणि आजीचा आवाज आला. धारदार, जाडा, माशाच्या बाजारात शेवटच्या टोकाला पोचेल असा. आजी गुडघ्यावर बोटांनी ताल धरून बसली. मैत्रीण हसत होती. आणि मधेच थांबली.

धवल्यात नवरीचं नाव घेतात. रेकॉर्डिंग खालच्या आळीतल्या एका ताईच्या हळदीचं. आजी दर कडव्यात त्या ताईचं नाव गात होती.

"माझ्या हळदीत दुसरीचं नाव?" मैत्रिणीचा चेहरा पडला. मामाने नाव कापून बघितलं, तर तिथे भोक पडलं, दात पडल्यासारखं.

आजीने माझ्याकडे बोट केलं. आधी कळेना. मग तिने तेच बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं आणि परत माझ्याकडे.

त्या संध्याकाळी आजीने मला फक्त एक नाव शिकवलं, मैत्रिणीचं. तीन अक्षरं. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, ती माझ्या मनगटावर दाबून सांगत होती. चुकलं की चिमटा.

दुसऱ्या दिवशी मांडवात आजीचे धवले स्पीकरवर, ताईच्या नावाच्या जागा मामाने कापून रिकाम्या ठेवलेल्या. आजी पाटाशेजारी तिच्या नेहमीच्या जागी बसली, हातात हळदीची वाटी. मी पडद्यामागे माइक घेऊन. नावाची जागा आली की आजी बोट उचलायची आणि मी गायचे. जुना आवाज, माझ्या तोंडून नवरीचं नाव, परत जुना आवाज. एकदाही सांधा दिसला नाही. एक मावशी डोळे पुसत म्हणाली, "म्हातारीचा आवाज परत आला का गो?"

धवला संपल्यावर मी आजीच्या कानाशी गेले आणि तिच्याच आवाजात विचारलं, "सर्दी बरी झाली का?"

आजी हसली, आवाज न करता. मग नवरीची उष्टी हळद उचलून माझ्या गळ्याला लावली. मी ती दोन दिवस धुतली नाही. दुकानात शेठनी विचारलं, "हे काय?"

म्हटलं, "पगार."