माठातला उजेड

ओल्या कोळशाचा वास आला की मला श्रीवर्धनच्या घरातली ती काळोखी खोली आठवते. मी नुकतीच लग्न होऊन आले होते. ह्यांना काचेच्या पेटीत समुद्रातले मासे पाळायचा नाद होता. खाडीच्या गढूळ पाण्यात मासे मरत, म्हणून हे होडीने खोल समुद्रातलं निळं पाणी आणवत. वाळूतून, मग कोळशातून गाळून ते त्या खोलीत मोठ्या माठात झाकून ठेवत, म्हणजे निवळे.

त्याच समुद्रात आदल्या वर्षी माझे धाकटे दीर, विसू, बुडाले होते. ते सापडलेच नाहीत.

एका तिन्हीसांजेला मी खोलीत गेले, तर सासूबाई माठापाशी बसलेल्या. हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि बोटांभोवती निळसर उजेड हलत होता.

"सूनबाई, विसूनं माझा हात धरलाय गं," त्या हसून म्हणाल्या.

माझी किंकाळी ऐकून हे धावत आले. "आई, समुद्राच्या पाण्यात बारीक जीव असतात, ते चमकतात," ह्यांनी समजावलं. पण सासूबाई हात काढीनात. दुसऱ्या दिवशीही त्या न जेवता तिथंच बसून राहिल्या.

आज वाटतं, मी उजेडाला घाबरलेच नव्हते. वर्षभरात त्या पहिल्यांदा हसल्या होत्या, त्या हसण्याला घाबरले होते.

शेवटी ह्यांनी माठ उचलून किनाऱ्यावर नेला. सासूबाईंना धरून मी मागोमाग गेले. लाटेत पाणी ओतताना हे खाली वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "विसू, जा आता. आईला सोड."